कागदाच्या तळ्याला चिखल नसतो

मातीच्या तळ्यात झिंगे वाढवणाऱ्याला चिखल आयता मिळतो. त्या चिखलाच्या वरच्या पातळ थरात जिवाणूंची वस्ती असते आणि झिंग्यांची विष्ठा, न खाल्लेलं खाद्य, मेलेलं शेवाळ या सगळ्याची विल्हेवाट तीच लावते. आमच्या शेततळ्यात चिखल नव्हता. तळाला आणि चारही उतारांना 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा काळा कागद अंथरलेला. पाणी मुरू नये म्हणून केलेली ही सोय केळीसाठी उत्तम होती. झिंग्यांसाठी मात्र ते एक भलंमोठं, स्वच्छ, निर्जीव भांडं होतं. त्यात जिवाणूंची वस्ती कशी उभी केली, त्याचा हा अनुभव. खान्देशात अशी अस्तर घातलेली शेततळी आता पुष्कळ आहेत आणि त्यांत मासे-झिंगे सोडायचा विचार करणारेही बरेच भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं शेत चोपडा तालुक्यात, तापीच्या उत्तरेला. केळी, थोडा कापूस, हरभरा. तळं नेहमीच्या मापाचं, वर 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर. मी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन जळगावच्या विद्यापीठातून बी. एस्सी. केलं. लग्नानंतर त्या शिक्षणाचा शेतात उपयोग झाला तो ट्रायकोडर्मा ही रोग रोखणारी बुरशी आणि अझोटोबॅक्टर हे नत्र देणारे जिवाणू वापरताना. झिंग्यांची कल्पना माझ्या नवऱ्याची. नवापूरकडे उकाई धरणाच्या फुगवट्यातली मासेमारी त्यांनी पाहिली होती आणि तळ्यातलं पाणी केळीला जाईपर्यंत नुसतं का पडून राहावं, हा त्यांचा प्रश्न होता. सासरे, म्हणजे आप्पा, माळकरी. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. केळीच्या पाण्याला धक्का लागता कामा नये, एवढीच अट घातली. पुढे या अटीनं आमचं बरंच भलं केलं.

आमच्याकडे समुद्र नाही, खारं पाणी नाही. त्यामुळे किनाऱ्यावर वाढवतात ती व्हेनामी कोळंबी आम्ही विचारातच घेतली नाही. आम्ही निवडली गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी. तिच्या अळ्यांना निमखारं पाणी लागतं, म्हणून बीज हॅचरीतूनच आणावं लागतं. पण अळीची कोळंबी झाली की पुढचं सगळं आयुष्य गोड्या पाण्यात जातं. तिला मानवतं ते 26 ते 31 अंश तापमान. पाणी 14 अंशांखाली किंवा 35 च्या वर गेलं की जीव जातो. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 गाठतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीच्या लाटेत दहाच्याही खाली येतो. म्हणजे हातात राहतात पावसाळ्यापासून थंडी पडेपर्यंतचे महिने. त्या महिन्यांतला एकही आठवडा पाणी तयार व्हायची वाट पाहण्यात घालवणं परवडणारं नव्हतं. तयारी त्याआधी, उन्हाळ्यातच करायची होती.

तयारी कसली, ते आधी आकड्यांत सांगते, कारण आकडे डोक्यात बसले की पुढचं सगळं आपोआप कळतं. झिंग्यांच्या एक किलो खाद्यात 30 टक्के प्रथिनं असतील तर त्यात साधारण 48 ग्रॅम नत्र असतं. झिंगा त्यातलं पाव भागाच्या आसपास अंगी लावतो, उरलेलं 35 ग्रॅम कुठल्या ना कुठल्या रूपात पाण्यात येतं आणि त्यातल्या बऱ्याचशाचा शेवटी झिंग्यांना बाधणारा अमोनिया होतो. आम्ही तळ्यात दीड मीटर पाणी ठेवलं, म्हणजे जवळपास दहा लाख लिटर. रोज दोन-तीन किलो खाद्य पडू लागलं की लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमपर्यंत नत्राची रोज भर. ही भर कुणी उचललीच नाही तर दहा-पंधरा दिवसांत पाणी धोक्याच्या उंबरठ्यावर.

उचलणारे तिघे. शेवाळ, परपोषी जिवाणू आणि नायट्रीकरण करणारे जिवाणू. शेवाळ ऊन असेल तरच काम करतं. परपोषी जिवाणू, म्हणजे तयार सेंद्रिय पदार्थांवर जगणारे, बॅसिलस वगैरे, कार्बन मिळाला तर अमोनिया आपल्या पेशींत बांधून घेतात आणि झपाट्यानं वाढतात. तिसरे मात्र वेगळ्याच स्वभावाचे. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोबॅक्टर आणि नायट्रोस्पायरा त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. त्यांना ना गूळ लागतो ना शेण. अमोनिया हेच त्यांचं इंधन. पण वाढ फार सावकाश. बॅसिलस तासाभरात दुप्पट होतात तिथे यांना दिवस लागतो, कधी जास्तही. शिवाय त्यांना पाण्यात मोकळं तरंगणं मानवत नाही, कुठल्या तरी पृष्ठभागाला चिकटून राहायचं असतं. प्रखर उजेडही सोसत नाही. कागदाच्या तळ्यात नेमकी हीच वस्ती नसते, आणि माझं ठाम मत असं की पाकिटातून ती आणताही येत नाही.

हे मत मी तपासून बनवलंय. बाजारात मिळणारी प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवाणूंच्या, पावडरची दोन पाकिटं घेऊन मी माझ्या जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेले. मॅडमनी आनंदानं टेबल दिलं. नमुना पाण्यात मिसळून 80 अंशांवर दहा मिनिटं तापवला, म्हणजे साध्या पेशी मरतात आणि बीजाणू, म्हणजे जिवाणूंची टणक, सुप्त रूपं, उरतात, मग पायरीपायरीनं पातळ करून न्यूट्रिएंट अगार या जिवाणू वाढवायच्या माध्यमावर पसरवला. एका पाकिटातले बॅसिलसचे आकडे लेबलाच्या जवळ आले. दुसऱ्याचे हजारपटीनं खाली. कंपनीचं नाव घेत नाही. पाकीट दुकानात कुठल्या उन्हात पडून होतं कोण जाणे. पण खरी गोष्ट पुढे आहे. त्याच पाकिटावर नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर हीही नावं छापलेली होती. हे जिवाणू बीजाणू करत नाहीत. वाळवून, पावडरीत भरून, महिनोन् महिने फडताळात ठेवून ते जगतील अशी अपेक्षाच करता येत नाही. 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं ते पहिल्यांदा वेगळे केले, तेव्हा त्याला नेहमीची सेंद्रिय माध्यमं सोडून निव्वळ खनिज क्षारांचं माध्यम वापरावं लागलं होतं. इतक्या वेगळ्या स्वभावाचा जीव गुळाच्या पाण्यात रात्रभर भिजवून 'जागा' होत नाही. बॅसिलसच्या पावडरचा उपयोग आहे, तळाचा गाळ खायला त्या उत्तम. पण नायट्रीकरण हवं असेल तर ते जागेवरच रुजवावं लागतं.

मी ते एका दोनशे लिटरच्या ड्रममध्ये रुजवलं. मे महिन्यात, चिंचेखाली, ड्रमला बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळून आणि वर झाकण ठेवून, म्हणजे ऊनही नको आणि उजेडही नको. आत मासे ठेवायच्या टाकीला लावतात तसा छोटा हवापंप. बियाणं म्हणून आमच्याच बांधावरची, कधी फवारणी न झालेली मूठभर माती. नायट्रीकरण करणारे जिवाणू जिवंत मातीत सगळीकडे असतात. खाद्य म्हणून अमोनियम सल्फेट, जे घरात खत म्हणून होतंच. त्यात 21 टक्के नत्र असतं, म्हणून पाच ग्रॅम टाकलं की दोनशे लिटरमध्ये लिटरमागे 5 मिलिग्रॅम नत्र होतं. आणि खायचा सोडा. तो बहुतेक जण विसरतात. एक ग्रॅम अमोनिया-नत्राचं नायट्रेट होताना सव्वासात ग्रॅमच्या आसपास क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल पेलायची ताकद, संपते आणि साडेचार ग्रॅमच्या वर ऑक्सिजन लागतो. सोड्याच्या हिशेबात ही क्षारता बारा ग्रॅम होते. क्षारता संपली की पीएच घसरतो आणि जिवाणू काम थांबवतात. माणसाला वाटतं कल्चर मेलं, ते खरं तर उपाशी नसून अडकलेलं असतं.

रोज संध्याकाळी अमोनियाच्या किटची नळी हातात घेऊन बसायचं. आधी बरेच दिवस रंग गडदच. मग एका टप्प्यावर अमोनिया उतरायला लागला आणि नायट्राइटची नळी गुलाबी झाली. पुढे तीही फिकी पडत गेली आणि नायट्रेट चढलं. महिन्याच्या आतबाहेर हे चक्र पूर्ण झालं. संध्याकाळी टाकलेलं अमोनियम सल्फेट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळीत दिसेनासं झालं, त्या दिवशी मी घरात सगळ्यांना ती नळी दाखवत फिरले. पुस्तकात शिकलेला आलेख आपल्या अंगणात, आपल्या मातीतून उभा राहिलेला पाहणं हा फार मोठा आनंद आहे.

ड्रमात हे जिवाणू बसले होते ते जुन्या ठिबकच्या नळ्यांच्या तुकड्यांवर. तळ्यासाठीही आम्ही त्याच नळ्या घेतल्या. केळीचं एक एकर मोकळं झालं की 16 मिलिमीटरच्या नळ्या दोन हजार मीटरच्या वर निघतात, आणि भंगारवाला त्यांना किलोच्या भावानं नेतो. एक मीटर नळीचा बाहेरचा पृष्ठभाग 500 चौरस सेंटिमीटर भरतो. म्हणजे दोन हजार मीटरचा शंभर चौरस मीटर, आतली बाजू आणखी वेगळी. त्यांची सैल वेटोळी बांधली की झिंग्यांना लपायला जागाही होते. झिंगा कात टाकतो तेव्हा काही काळ मऊ असतो आणि त्याचेच भाऊबंद त्याला खातात. लपण नसलेल्या गुळगुळीत कागदावर मोठी गळती याच कारणानं होते.

दोन गोष्टी इथे सांभाळायच्या. नळ्या पाण्यावर तरंगतात, त्यांना वजन हवं. पण दगड बांधला तर कागद फाटतो. आम्ही जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत नदीची वाळू भरून बांधल्या. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. ठिबकमधून कधी कीटकनाशक सोडलेलं असेल तर ती नळी तळ्यात घालायची नाही. झिंगे हे किड्यांचे जवळचे नातलग. किडा मारणारं औषध माशाला जेवढं बाधतं त्याहून कितीतरी कमी मात्रेत झिंग्याला मारतं. आमच्या नळ्यांतून फक्त खतं गेली होती, तरी त्या पाणी बदलत भिजवल्या आणि बीज आल्यावर आधी थोडी पिल्लं एका टबात त्या नळ्यांसोबत ठेवून पाहिली.

जूनमध्ये हतनूर धरणाच्या कालव्याचं पाणी जाळीतून गाळून घेतलं. बोअरचं पाणी जाणूनबुजून कमी ठेवलं, कारण ते कठीण आहे आणि फार कठीण पाण्यात या कोळंबीची वाढ मंदावते. ड्रममधल्या नळ्या तळ्यातल्या वेटोळ्यांमध्ये विखरून बांधल्या, ड्रमचं पाणीही ओतलं. तळाच्या मध्यभागी, थोडा गाळ साठेल अशा जागी, ब्लोअरच्या हवेच्या नळ्या सोडल्या नाहीत. तिथे उपसा पाइप ठेवला. त्याचं कारण पुढे येईल. जुलैत बीज आलं. पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवणं, तापमान जुळवणं, हळूहळू पाणी मिसळणं हे सगळं कुठल्याही हॅचरीवाल्याकडून कळतं, ते इथे सांगत बसत नाही. तळाच्या चौरस मीटरला पाचपर्यंत, एवढीच दाटी ठेवली.

याच सुमारास एका शेजाऱ्यांनी आपुलकीनं सल्ला दिला, जीवामृत सोडा. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर माती. हे आम्हीही केळीला देतो. पण जमिनीत जिवाणूंना श्वास घ्यायला मातीच्या कणांमधली हवा असते. पाण्यात 28 अंशांना लिटरमागे पावणेआठ मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन विरघळतो, आणि तेवढ्यातच झिंग्यांनीही जगायचं असतं. शेण-बेसन कुजवणारे जिवाणू तो पहाटेपर्यंत ओढून घेतील. गोमूत्रातला युरिया तर सरळ अमोनियाच होणार. जमिनीत जे अमृत आहे ते तळ्यात ओतू नका, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. काका थोडे हिरमुसले, पण पुढे पहाटेच्या ऑक्सिजनचा आकडा मीटरवर स्वतः पाहून गेल्यावर त्यांनी तो विषय काढला नाही.

हवेचा प्रश्न आमच्याकडे विजेचा प्रश्न असतो. शेतीची थ्री फेज कधी दिवसाच्या पाळीनं, कधी रात्रीच्या. ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे, कारण रात्रभर शेवाळही श्वास घेतं. म्हणून ब्लोअर सिंगल फेजवर घराच्या मीटरवरून घेतला आणि वीज गेली तर डिझेल इंजिनावर पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात पाडायची सोय ठेवली. ऑक्सिजन लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या खाली गेला की झिंगे उताराच्या कडेला वर येऊन बसतात. नायट्रीकरण करणारे जिवाणू मात्र असं काही दाखवत नाहीत, ते गुपचूप काम थांबवतात. ब्लोअर झिंग्यांसाठी आहे असं सगळ्यांना वाटतं. मी तो जिवाणूंसाठी चालवते असं म्हणायचे.

खरी परीक्षा श्रावणात झाली. झड लागली. सूर्याचं दर्शन नाही, पाऊस थांबत नाही. तळ्याचा छान फिका हिरवा रंग आधी मळकट झाला, मग तपकिरी. काठाला फेस. शेवाळ मेलं होतं. जे अमोनिया उचलत होतं तेच आता कुजून अमोनिया सोडत होतं. तापीकाठचे एक भोई काका आम्हाला जाळ्याच्या कामात मदत करायला यायचे. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला आणि म्हणाले, "पानी मरी गयं, ताई." किटवर एकूण अमोनिया दीड मिलिग्रॅम.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. किटवर दिसतो तो एकूण अमोनिया. त्यातला विषारी भाग किती, हे पीएच आणि तापमान ठरवतं. 28 अंशांना पीएच 7 असेल तर शंभरात एक भागही विषारी नसतो. 8 ला सहा-सात. 9 ला चाळीसच्या वर. झडीत आमचा पीएच साडेसातवर उतरला होता, म्हणजे विषारी भाग दोन टक्क्यांच्या आसपास, लिटरमागे 0.03 मिलिग्रॅम. झिंगे सुस्त होते, पण जिवंत होते. भीती झडीची नव्हती. भीती होती उघडीपीची. पाण्यात एवढं नत्र साठलेलं, त्यावर कडक ऊन पडलं की नवं शेवाळ उसळणार, ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढणार आणि दुपारी पीएच 8.8 वर जाणार. तेव्हा तोच दीड मिलिग्रॅम अमोनिया तीस टक्के विषारी होणार, म्हणजे 0.45. सुरक्षित मानतात ते 0.1 च्या आत. सगळ्या घराला ऊन कधी पडतं असं झालं होतं आणि मी आभाळ आणखी थोडे दिवस टिकावं म्हणत होते.

त्या दिवसांत खाद्य निम्म्याच्याही खाली आणलं. मग गूळ. योराम अव्निमेलेख या इस्रायली शास्त्रज्ञानं 1999 मध्ये मांडलेला हिशेब असा की एक ग्रॅम अमोनिया-नत्र जिवाणूंच्या पेशींत बांधायला साधारण वीस ग्रॅम कर्बोदकं लागतात. आमच्या दहा लाख लिटरमधून एक मिलिग्रॅम उतरवायचं म्हणजे एक किलो नत्र, म्हणजे वीस-पंचवीस किलो गूळ. एकदम टाकला असता तर परपोषी जिवाणूंनी रातोरात ऑक्सिजन संपवला असता, आणि ढगाळ हवेत तो आधीच अपुरा. म्हणून रोज चार-पाच किलो, पाण्यात विरघळवून, सकाळी उजेड वर आल्यावर, ब्लोअर आणि इंजिन दोन्ही चालू ठेवून. सोबत बॅसिलसची पावडर, त्या चांगल्या आलेल्या पाकिटातली. तिला मी नावं ठेवलेली नाहीत, तिचं काम नेमकं हेच आहे. शिवाय मधल्या उपसा पाइपातून तळचा काळसर गाळ रोज थोडा थोडा ओढून काढला. तो तसाच राहिला तर ऑक्सिजन नसलेल्या थरात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्याच्या वासाचा, आणि तळाशीच राहणाऱ्या झिंग्याला तो पहिला गाठतो.

हा उपसा केळीत सोडायचं आप्पांनी सुचवलं. तोवर ते तळ्यावर फारसे फिरकत नव्हते. त्या दिवशी इंजिनाच्या आवाजानं आले, काळं पाणी पाहिलं आणि म्हणाले, "ते खतच शे ना? मंग केळीले सोड." ठिबकला हे पाणी सरळ जोडलं तर तोट्या बुजतात, म्हणून गाळ पाटानं सोडला आणि वरचं पाणी वाळूच्या फिल्टरमधून ठिबकला. तेव्हापासून रोज थोडं पाणी केळीकडे आणि तेवढंच नवं तळ्यात, हा क्रम बसला. नायट्रेट साठायचा प्रश्न त्यामुळे उरलाच नाही; जिवाणूंनी तयार केलेलं नायट्रेट केळीनं घेतलं.

ऊन पडलं तोवर एकूण अमोनिया अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास आला होता. दुपारी पीएच चढला, पण अपेक्षेइतका नाही. झिंगे थोडे मेले, बहुतेक कात टाकलेले. पण नायट्राइट वर आलं. अमोनिया खाणारे जिवाणू लवकर सावरतात, नायट्राइट खाणारे मागे राहतात, हे प्रत्येक धक्क्यानंतर होतं. गोड्या पाण्यात नायट्राइट जास्त बाधतं, कारण ते क्लोराइडच्याच वाटेनं कल्ल्यांतून आत शिरतं आणि गोड्या पाण्यात क्लोराइड कमी असतं. यावर मीठ टाकणं हा माहीत असलेला उपाय. आम्ही तो केला नाही. हे पाणी केळीला जातं आणि केळीला क्षार सोसत नाहीत. आप्पांची अट मला पाठ होती. खाद्य कमीच ठेवलं, हवा वाढवली, क्षारतेसाठी शेतीचा चुना बेताबेतानं दिला आणि नळ्यांवर भरवसा ठेवला. त्या वेळी एक वेटोळं वर ओढून पाहिलं. नळ्यांवर तपकिरी, बुळबुळीत, मातकट वासाचा थर होता, सडका वास अजिबात नव्हता. आठवड्याभरात नायट्राइटची नळी फिकी पडू लागली. ड्रममध्ये पहिल्यांदा याच कामाला कितीतरी अधिक दिवस लागले होते. वस्ती आधीपासून होती, तिला फक्त सावरायचं होतं, याचा फरक इथे दिसला.

ऑक्टोबरच्या उन्हात झिंग्यांनी चांगली उचल घेतली. नोव्हेंबरच्या अखेरीस, पहाटेचं पाणी विशीकडे झुकायला लागलं तसं खाणं कमी झालं आणि आम्ही काढणी सुरू केली. निळ्या नांग्यांचे मोठे नर, नारिंगी नांग्यांचे मधले, आणि कितीतरी बारके. या जातीत वाढ सारखी होत नाही हे आधीच ठाऊक होतं. मोठे चोपडा आणि जळगावच्या बाजारात हातोहात गेले. केळीच्या उत्पन्नाशी तुलना करावी एवढे पैसे नाहीत, पण खाद्य, वीज, डिझेल, बीज वजा जाता हातात काहीतरी राहिलं. त्या तळ्याचं पाणी मिळालेल्या केळीला आप्पांनी युरियाचे दोन हप्ते कमी दिले आणि पानांचा रंग उतरला नाही. ते हा हिशेब झिंग्यांच्या हिशेबाच्या आधी सांगतात.

थंडीत तळं रिकामं नव्हतं, केळीचं पाणी होतंच. पण झिंगे नाहीत म्हणजे अमोनिया नाही, आणि अमोनिया नाही म्हणजे जिवाणू उपाशी. म्हणून काही वेटोळी पुन्हा ड्रममध्ये घेतली. गार पाण्यात त्यांचा वेग फार मंदावतो, तेव्हा अमोनियम सल्फेट चिमूटभर, तेही आधीचं संपल्याची किटवर खात्री करूनच, आणि सोडा त्या प्रमाणात. मार्चपासून उष्णता वाढली तशी मात्रा वाढवली.

आता तालुक्यातले काही जण तयार नळ्या मागायला येतात. मी त्या देत नाही, आणि का देत नाही तेही सांगते. झिंग्यांचा पांढऱ्या शेपटीचा रोग विषाणूमुळे होतो आणि एका तळ्याच्या ओल्या वस्तूबरोबर तो दुसऱ्या तळ्यात जाऊ शकतो. आमच्या तळ्यात तो दिसला नाही, याचा अर्थ नाहीच असा घेता येत नाही. त्यापेक्षा ड्रम, हवापंप, सोडा, अमोनियम सल्फेट आणि अमोनिया-नायट्राइटची किटं घेऊन मे महिन्यात स्वतःच्या बांधावरच्या मातीपासून सुरुवात करा, म्हणते. किट कसं वाचायचं ते शिकायला मात्र कुणीही या. बहुतेक जण संध्याकाळी येतात, पण नळीचा रंग खिडकीजवळच्या उजेडात पाहावा लागतो, दिव्याखाली पिवळा आणि हिरवा यांत गल्लत होते.